शब्द आपले, चाल कुणाची?

(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा येथे महिला मंडळे आणि बचत गटांच्या गाणी-शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



सकाळपासून आपण सात-आठ गाणी म्हटली. दारूचं म्हटलं, सातबाऱ्याचं म्हटलं, पोरीच्या शाळेचं म्हटलं. शब्द सगळे आपले. इथं बसलेल्या बायांनीच ते जुळवले आहेत, कुणी निंदताना, कुणी कापूस वेचताना, कुणी रात्री भांडी झाल्यावर. पण चाली? एक सिनेमातली, एक टीव्हीवरच्या जाहिरातीची, दोन आरत्यांच्या, एक भजनाची. आपल्या गाण्यांच्या वह्या उघडून बघा. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर कंसात लिहिलेलं असतं, ‘चाल : अमुक तमुक’. आज मला त्या कंसाबद्दल बोलायचं आहे.

उसन्या चालीला नावं ठेवायला मी उभी राहिलेले नाही. चळवळीनं ही रीत विचार करूनच उचलली. सत्यशोधकांच्या जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर नवा विचार बसवला आणि गावोगाव नेला. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं, ते गाण्यांमुळं किती दूरवर गेलं हे तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. मोर्चा उद्या आहे, पेटी नाही, मास्तर नाही, हातात एक तास आहे, अशा वेळी माहीत असलेली चाल घेतली की दुसऱ्या ओळीला शंभर बाया गायला लागतात. हे फार मोठं काम आहे आणि ते पुढेही लागणारच आहे.

अडचण दुसरीकडं आहे. चाल रिकामी येत नाही. तिच्याबरोबर तिचे जुने शब्द येतात, जुना नट येतो, जुनी नजर येते. एका तालुक्याच्या गावी मी पाहिलं. सासरी जळून मेलेल्या मुलीसाठी मोर्चा निघाला होता. बायांनी जीव ओतून गाणं लिहिलं होतं. चाल मात्र होती एका ठसकेबाज सिनेमागीताची. चौकात गाणं सुरू झालं आणि पानठेल्यावरची पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. त्यांच्या कानावर आपले शब्द पोचलेच नाहीत, पोचली ती फक्त चाल, आणि त्या चालीवर शिट्टी वाजवायची त्यांना सवय होती. पोरांचं वागणं हलकटपणाचं होतं यात शंका नाही. पण शब्द आपल्या ताब्यात असले आणि चाल नसली तर अर्थ अर्धाच आपल्या ताब्यात असतो, हेही त्या चौकात दिसलं.

मग कुणीतरी म्हणतं, “ताई, चाल लावणं आपलं काम नोहे. त्याले संगीत याव लागते.” मी स्वतः संगीताची परीक्षा दिलेली नाही. चाळिशी उलटल्यावर पेटीवर बोट ठेवायला शिकले. त्यामुळे तानपुऱ्याच्या बाजूनं मी बोलू शकत नाही, जात्याच्या बाजूनं बोलते.

जातं आठवा. समोरासमोर दोघी बसलेल्या. एकीनं ओवी उचलली, दुसरीनं ती झेलली. एका ओवीत अक्षरं कमी, दुसरीत जास्त, तरी दोन्ही एकाच फेऱ्यात बसायच्या. कशा? जिथं अक्षर कमी पडायचं तिथं बाई ‘गं बाई’ घालायची, ‘माझ्या’ घालायची, एखादा स्वर ताणायची. जिथं जास्त व्हायचं तिथं दोन अक्षरं एका दमात घ्यायची. शब्द ऐकून त्याच क्षणी स्वर आणि लय त्यांच्या मापाची करायची, यालाच संगीतकार चाल बांधणं म्हणतात. आपल्या आज्या ते पहाटे चारला, डोळ्यावर झोप असताना करत होत्या. पुण्याकडच्या डोंगराळ भागातल्या बाया जात्यावरच्या चालीला ‘गळा’ म्हणतात. हिचा गळा वेगळा, तिचा गळा वेगळा. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात चाल आणि ती गाणारी बाई एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी कार्यकर्त्या मैत्रिणींना बरोबर घेऊन खेड्याखेड्यांतून या ओव्या गोळा केल्या. लाखाच्यावर ओव्या जमल्या. त्यांत सीता आहे, विठ्ठल आहे, माहेर आहे, दारुडा नवरा आहे आणि बाबासाहेबही आहेत. जुन्या गळ्यात नवा माणूस बायांनी कसा आणून बसवला ते त्यात ऐकायला मिळतं. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या शब्दांसह, आणि कितीतरी बायांच्या आवाजासकट, ऐकता येतात. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांनी जरूर ऐका. पण जात्याचं कौतुक करताना एवढं ध्यानात असू द्या की गिरणी आली तेव्हा बाया सुटल्या. खांदे भरून येत, हाताला घट्टे पडत, पहाटेची झोप जाई. जातं परत आणा असं मी कदापि म्हणणार नाही. जात्याबरोबर बाईची गाण्याची हक्काची वेळ गेली, आणि ती वेळ आपण दुसरीकडे कुठं मागून घेतली नाही, एवढंच म्हणते.

आता बहिणाबाई चौधरींचं बघा. १८८० ते १९५१ एवढं त्यांचं आयुष्य. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात गाणी सुचायची. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ती कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली पुस्तक झालं आणि महाराष्ट्राला एवढी मोठी कवयित्री मिळाली. पण कागदावर उतरले ते शब्द. त्या गात होत्या तो गळा वहीत उतरला नाही. आज आपण त्यांची गाणी ज्या चालींवर म्हणतो त्या नंतरच्या संगीतकारांनी दिलेल्या आहेत. वसंत पवारांनी ‘मानिनी’ चित्रपटासाठी १९६१ मध्ये दिल्या, पुढे इतरांनी दिल्या. चाली चांगल्याच आहेत, माझ्याही ओठांवर आहेत. पण बहिणाबाईंची स्वतःची चाल कुठली, हे आता कुणाला विचारायचं?

कायदाही असाच होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे आणि संगीत वेगळं मानलं आहे, दोन्हींवर वेगवेगळा हक्क असतो. हे चांगलं. पण संगीतकृती कशाला म्हणायचं? जी छापली आहे, लिहून काढली आहे, कागदावर खुणांनी उतरवली आहे तिला. म्हणजे जिला लिहिता येत नाही तिनं बांधलेली चाल कायद्याच्या लेखी कृतीच नव्हती! १९९४ च्या दुरुस्तीनं ही अट काढली. आज तुम्ही नुसती गळ्यातून काढलेली, फोनवर साठवलेली चालसुद्धा तुमची कृती ठरू शकते. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी आपण वर्षानुवर्षं भांडतो, चालीच्या सातबाऱ्याचं मात्र आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

ज्या बाया शिकल्या, शहरात गेल्या, त्यांचंही नाव सरळ लागलं असं नाही. बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’ला, १९३६ साली, संगीत दिलं सरस्वती देवींनी. त्यांचं खरं नाव खुर्शीद मिनोचेर-होमजी. पारशी घरची मुलगी सिनेमात जाते म्हणून समाजात गदारोळ झाला आणि नाव बदलावं लागलं. आपल्या लताबाई मंगेशकरांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. पडद्यावर नाव काय? आनंदघन. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कारही मिळाला. कारण काहीही असो, पाटीवरचं नाव वाचून कुणालाही तो पुरुषच वाटावा. त्यांच्या बहीण मीना खडीकर यांनी मात्र स्वतःच्या नावानं चाली दिल्या. शाळेत आपली मुलं जी बालगीतं म्हणतात त्यांतली किती त्यांच्या चालीची आहेत, हे शिक्षिकांनाही ठाऊक नसतं. आणि प्रभा अत्रे, २०२४ मध्ये गेल्या त्या, त्यांनी आपल्या बंदिशी आपण बांधल्या, छापल्या आणि मैफलीत आपल्या म्हणून गायल्या.

ही मोठी माणसं झाली. आता आपल्या सभामंडपात येऊ.

आपल्याकडं भजन घरोघरी आहे. नदीच्या पल्याड मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम, त्यामुळं या पट्ट्यात खंजिरी माहीत नाही असं पोर सापडायचं नाही. ज्या माणसानं खंजिरीवर गाव जागं केलं त्याच्या मुलखात बाईनं चाल बांधायला भ्यावं, हे मला पटत नाही. पण भीती का वाटते तेही मला माहीत आहे. एका गावात (गावाचं नाव सांगत नाही) महिला मंडळानं भजनी मंडळाकडं पेटी मागितली. एकादशीला दुपारी दोन तास. उत्तर आलं, “पेटी देवळातली आहे. बायांचं काही सांगता येत नाही, कोण कोणत्या दिवशी शिवेल.” एका म्हाताऱ्या बाईनं तिथंच विचारलं, “पेटीचा भाता चामड्याचा असते ना भाऊ? त्याचा इटाळ नाई होत?” पेटी काही मिळाली नाही. मंडळानं पुढच्या हंगामात बचतीतून जुनी पेटी घेतली. आज त्या गावात तीच पेटी पुरुषांचं मंडळ मागून नेतं, आणि बाया देतात.

पेटी मिळाली तरी एक अडचण उरते, ती म्हणजे पट्टी. ही नीट समजून घ्या, कारण इथंच पुष्कळ बायांचं गाणं मरतं. भजनी मंडळातला मास्तर सहसा काळी एक किंवा काळी दोनमध्ये वाजवतो. ती पुरुषाच्या गळ्याची पट्टी. आपण तिच्यात गायला लागलो की खाली आवाज घोगरा होतो, लागतच नाही, आणि वरच्या सप्तकात जावं तर किंचाळल्यासारखं होतं. मग मास्तर म्हणतो, “तुमचा आवाज लागत नाही.” अहो, आवाज लागतो, पट्टी आमची नाही! बहुतेक बायांचा गळा काळी चार, काळी पाच, फार तर पांढरी पाचच्या आसपास मोकळा होतो. मास्तर अडून बसला तर त्याला एक सांगा : तुझा काळी एकचा जो पंचम आहे तो काळी चारच आहे. तुझ्या ‘प’ला आम्ही ‘सा’ म्हणतो, तू तिथून वाजव. सभ्यपणानं सांगा, पण सांगा.

तर पेटी समोर घ्या. काळी चार म्हणजे आपला सा. तिच्या पुढची काळी पाच म्हणजे रे. मग पुढच्या सप्तकातली पहिली पांढरी, ती ग. तिथली पहिली काळी म, दुसरी काळी प. झाले पाच सूर. पाच पुरतात का? भुलाबाईची गाणी आठवा. आपण लहानपणी महिनाभर घरोघर म्हणत फिरलो, त्यांतली बरीच चार-पाच सुरांतच फिरतात. सात सूर लागतातच असं नाही. नवशिकीनं तर पाचांच्या वर जाऊच नये असं माझं मत आहे. वर गेलं की सिनेमा शिरतो.

आता मी तुम्हाला एक ओळ कशी बांधली गेली ते सांगते. आमच्या गटातल्या बायांनी मिळून शब्द केले होते :

वावर माझ्या घामाचं, सातबारा धन्याचा

यावर चाल हवी. आम्ही पहिल्यांदा पेटी बंद ठेवली आणि ही ओळ नुसती बोललो. भांडताना बोलतो तशी. वीस वेळा. आवाज कुठं वर जातो, कुठं पडतो, ते एकमेकींकडं बघत ऐकलं. बोलण्यातच चाल अर्धी असते. मग टाळी घेतली, केरव्याची, आठ मात्रांची. पहिल्या खेपेला सगळ्यांनी ‘वावर’वर टाळी दिली. ऐकायला बरं वाटलं, पण एक कमी बोलणारी बाई होती, ती म्हणाली, “हे त वावराचं गानं झालं. माझं कुठी हाय यात?” मग आम्ही ‘वावर’ टाळीच्या आधी, सातव्या-आठव्या मात्रेवर उचललं, आणि पहिली टाळी पडली ‘माझ्या’च्या ‘मा’वर. करून बघा आत्ता. वावर... माझ्या घामाचं. दिसला फरक? शब्द तेच आहेत, पण वजन ‘माझ्या’वर आलं. समेवर काय ठेवायचं हे ज्या बाईनं ठरवलं तिनं गाण्याचा अर्थ ठरवला. उसन्या चालीत हे आपल्याला ठरवता येत नाही, सम कुठं पडायची ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

मग सूर. ‘वावर’ला सा सा. ‘माझ्या घामाचं’ला ग ग रे ग म. शेवट मवर, म्हणजे आवाज थोडा चढलेला, प्रश्न विचारल्यासारखा. दुसरा अर्धा, ‘सात’ला म म आणि ‘बारा धन्याचा’ला ग रे ग रे सा. अगदी सरळ. गळ्यात बसली, दोनदा म्हटली, सगळ्या खूश. तेवढ्यात पुन्हा तीच बाई म्हणाली, “बाई, हे मान्य केल्यासारखं वाटते.” आम्ही तिच्याकडं बघतच राहिलो. तिला सा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पण सावर येऊन ओळ टेकली की गोष्ट मिटल्यासारखी वाटते, हे तिच्या कानानं धरलं होतं. सातबारा धन्याचा, बस्, संपलं! म्हणून मग शेवट बदलला : ग ग म ग रे. रेवर सोडून दिलं. आता ती ओळ टेकत नाही, लोंबकळत राहते, ऐकणाऱ्याला वाटतं की पुढं काहीतरी यायला हवं. आणि शेवटच्या कडव्यात, जिथं बाईचं नाव सातबाऱ्यावर चढतं, तिथं ओळ पहिल्यांदा सावर येते. सबंध गाण्यात एकदाच.

हे गाणं त्यांनी ग्रामसभेत म्हटलं. १९८९-९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेनं पुष्कळ नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली होती, ते बोललं गेलं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वारसा कायदा बदलला आणि मुलीला बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला, तेही बोललं गेलं. बोलणं बऱ्याच जणांनी पूर्वी ऐकलेलं होतं. पण ध्रुवपद तिसऱ्यांदा रेवर सुटलं तेव्हा मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, “मंग पुढं काय?” तेवढ्या प्रश्नावर पुढची अर्धा तास चर्चा झाली. गाण्यानं नावं चढली असं मी म्हणणार नाही, त्याला अर्ज लागतात, तलाठ्याच्या खेपा लागतात. प्रश्न मात्र गाण्यानं विचारायला लावला.

आणखी एक खेळ सांगते. वरच्या ओळीतला ग जो आहे, पहिली पांढरी, त्याच्या लगेच मागची पांढरी दाबा. तो कोमल ग. आता तीच ओळ म्हणा. एकदम काळोख पडल्यासारखा वाटतो की नाही? आम्ही हे केलं तेव्हा एक म्हणाली, “हे रडकं झालं, मोर्च्यात नाई चालत.” दुसरी म्हणाली, “रडकं कायले, हे मायच्या जात्यावरचं वाटते.” दोघींचंही खरं होतं. त्यावर भरपूर भांडण झालं आणि ते तसंच राहिलं. मोर्च्यात शुद्ध ग, रात्रीच्या बैठकीत कोमल ग, असं आता दोन्ही चालतं.

ही कमी बोलणारी बाई कोण, तर कापसाच्या वावरात जिचा नवरा गेला अशी. विदर्भात अशा घरांची मोजदाद आपल्याला नव्यानं सांगायला नको. नवरा गेल्यावर हिनं गाणं सोडलं होतं. सोडलं म्हणजे सोडायला लावलं होतं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नात गाणाऱ्या बायांत बसायचं नाही, भुलाबाईला आपल्याच लेकीमागं उभं राहून फक्त ऐकायचं. गटात यायची, सही करायची, उठून जायची. “मी गानं म्हनत नाई,” असं दोनदा सांगून झालं होतं. तिचा गळा अजून पूर्ण मोकळा झालेला नाही, वरच्या पला आवाज फाटतो. पण कान! आमच्या गटातल्या चालींचं शेवटचं ऐकणं आता तीच करते. आवाज नसलेल्या बायांनाही म्हणून शिबिराला आणा. चाल बांधायला गोड गळा लागतोच असं नाही.

नवशिकीची नेहमीची तक्रार असते : “हे कुठीतरी ऐकल्यासारखं वाटते.” वाटणारच. पाच सुरांत आणि आठ मात्रांत पूर्वी कुणीतरी फिरून गेलेलंच असतं. अशा वेळी चाल फेकून देऊ नका. जिथं ती जुन्या गाण्यासारखी वळते ते एक वळण शोधा आणि तिथं उलट्या दिशेला जा. वर जात असेल तर खाली आणा, लांबवत असेल तर तोडा. बहुधा तेवढ्यानं भागतं. आणि शब्द ओढले जात असतील, ‘सातबारा’चं ‘साऽऽतबारा’ होत असेल, तर चूक शब्दांची समजू नका, चाल सैल आहे, ती आवळा.

गाणं कुठं म्हणायचं आहे ते आधी ठरवा, हेही महत्त्वाचं. चालत म्हणायचं असेल, म्हणजे प्रभातफेरी, मोर्चा, दारूच्या गुत्त्यावर जाताना (जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि गुत्ते कुठं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे), तर एका ओळीत चार पावलांपेक्षा जास्त ठेवू नका. पाचव्या पावलाला श्वास लागतो. ध्रुवपद असं करा की पुढारणीचा आवाज मागं पोचला नाही तरी मागच्यांना ते सुरू करता यावं. बसून म्हणायचं गाणं सावकाश चालतं. इथल्या जुन्या बायांना पुलगाव-आर्वीची छोटी गाडी आठवत असेल, नॅरोगेजची, रोहण्याला थांबायची. ती बंद पडली. तिच्या डब्यात बसून डोक्यात आपोआप ठेका सुरू व्हायचा, असं इथल्याच एका आजीनं मला मघाशी वाजवून दाखवलं, डब्याच्या झाकणावर. तो ठेका सहा मात्रांचा निघाला, दादरा. आज दुपारी तो कुणीतरी घ्या, वाया जाऊ देऊ नका.

आता जपून ठेवण्याचं. बांधलेली चाल संध्याकाळपर्यंत विसरते, हे मी शंभरदा पाहिलं आहे. जमली की लगेच फोनवर घ्या. आणि घेताना आधी बोला : गावाचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची. चौघींची असेल तर चौघींची नावं. कुणी एकीनं फक्त शेवटचा रे सुचवला असेल तर तिचंही नाव. हे बोलल्याशिवाय गाणं सुरू करायचं नाही, अशी शिस्तच लावून घ्या. नाहीतर उद्या तेच गाणं कुणीतरी कॅसेट-मास्तर मोबाईलवर टाकेल आणि खाली लिहील, ‘पारंपरिक’. फोन बिघडतो, हरवतो, नातू सगळं पुसून टाकतो, म्हणून वहीतही लिहा. भातखंड्यांनी लिपी करून ठेवलेली आहे : सा रे ग म प ध नी ही अक्षरं, कोमल असेल तर खाली रेघ, खालच्या सप्तकातला असेल तर खाली टिंब, वरच्यातला असेल तर वर टिंब, तीव्र मला डोक्यावर उभी रेघ. आपल्याला यातलं निम्मंच लागतं. अक्षर येत नसेल तिनं बाण काढावेत, वर जाणारा, खाली येणारा. तिला समजलं म्हणजे झालं. आमच्याकडं एकीची सबंध वही बाणांची आहे आणि तिची चाल कधी चुकत नाही.

आणि वहीतला तो कंस. नवी गाणी लिहाल तेव्हा ‘चाल :’ लिहून पुढं जागा रिकामी सोडा. उसनी असेल तर कुणाची ते खरं लिहा, त्या संगीतकाराचं नावसुद्धा लिहा, सिनेमाचं तेवढं नको. आपली असेल तर आपलं लिहा.

आता चहा झाला की चौघी-चौघींचे गट करू. प्रत्येक गटात एक सून, एक सासू, पण एकाच घरातल्या नकोत. पेट्या दोनच आहेत, त्या फिरवाव्या लागतील. ज्यांच्याकडं पेटी नसेल त्यांनी तोवर ओळ बोलत बसावं, वीस वेळा. शब्द कोणते घ्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फिरत राहीन, पण चाल सुचवणार नाही, विचारू नका. पाच वाजता आर्वीची एसटी आहे, ज्यांना ती धरायची आहे त्यांचं गाणं आधी ऐकू.